खालून वर आलेली टेकडी

मी झाडं लावायच्या तयारीनं गेले होते. लेक म्हणाली होती, "आई, शनिवारी तिथे गावातले लोक जमतात, राखीव रानाची कामं करतात. तुला मातीत हात घालायला मिळेल." इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात, फेब्रुवारीतलं ऊन म्हणजे नुसतं नावाला. जावयाचे बूट दोन मोज्यांवर चढवले आणि समुद्राजवळच्या त्या टेकडीवर पोचले. वर दहा-बारा माणसं होती, बहुतेक माझ्या वयाची किंवा पुढची. एका उंच, कमरेत किंचित वाकलेल्या गृहस्थांनी माझ्या हातात फावडं दिलं आणि गवताच्या हिरव्यागार पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"हे सगळं काढायचं, पेट."

तिकडे बायकांना 'पेट' म्हणतात, मायेनं. बसचा ड्रायव्हरही म्हणतो. तेवढं मला ठाऊक झालं होतं. पुढचं कळेना.

"काढून मग काय लावायचं?"

"काही नाही. उघडंच ठेवायचं."

एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर पावसाळ्यात एका रोपट्याभोवती चाळीस मुलं उभी करून फोटो काढले, त्यातली निम्मी रोपटी दिवाळीपर्यंतही टिकली नाहीत. हिरवं ते चांगलं आणि उघडं ते वाईट, हे माझ्या इतकं हाडीमाशी भिनलेलं की गवतावर पहिलं फावडं मारताना हात चोरला गेला. गृहस्थांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी स्वतः एक घाव घातला, गवताची कड उचलली आणि गोधडीची घडी घालावी तशी ती गुंडाळत नेली. खाली चार बोटं तपकिरी माती होती. त्याखाली एकदम काळा, पापुद्र्यांचा, ठिसूळ दगड.

तपकिरी मातीवर बूट आपटून ते म्हणाले, "ही लॉरीतून आलेली. विकतची." मग काळ्यावर. "ही आमची."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जिच्यावर चढून दम खाल्ला होता ती टेकडी निसर्गानं केलेलीच नव्हती.

या किनाऱ्यावरच्या खाणी खोल होत्या. वर मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा थर, त्याच्या खाली कोळसा, आणि कोळशाच्या मागे लागून माणसं समुद्राच्या तळाखाली कित्येक किलोमीटर आत गेलेली. कोळसा एकटा कधीच वर येत नाही. त्याच्यासोबत शेल येतो, चिकणदगड येतो, वाळूखडक येतो. कोळसा निवडून रेल्वेनं जातो, उरलेला मलबा तिथेच ओततात. वर्षानुवर्षं ओतला की टेकडी होते. या भागात तर तो समुद्रातही ओतत. ईझिंग्टनची खाण १९९३ साली बंद झाली तोवर तिथला किनारा काळा होता. नंतर काही वर्षं खपून तो साफ केला गेला आणि २००१ साली त्याच किनाऱ्याला 'वारसा किनारा' असा दर्जा मिळाला. काळा रंग लाटांनी अजून पुरता नेलेला नाही. मी चालले तेव्हा खडकांच्या बेचक्यांत तो होता.

त्या गृहस्थांना सगळे पहिल्या नावानं हाक मारत. माझ्या तोंडून ते निघेना. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनीच मोठे, पण मी मनात त्यांना आजोबा करून टाकलं. पंधराव्या वर्षी ते याच खाणीत उतरले होते. त्यांचे वडील याच खाणीत, वडिलांचे वडीलही. म्हणजे टेकडी घरचीच म्हणायची.

कोळशाचे थर कसे बनले हे मी किती वर्गांना शिकवलं असेल! सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीची दलदल, त्यातली प्रचंड नेचेवर्गी झाडं, गाळ, दाब, उष्णता. फळ्यावर चार रंगीत पट्टे. परीक्षेत आकृतीला दोन गुण. पण कोळशाबरोबर वर आलेल्या दगडाचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. पुस्तकात तो दगड नव्हताच.

गवत का काढायचं, त्याचं उत्तर मला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांत मिळालं. काही आजोबांकडून, काही थर्मासमधला चहा ओतत असलेल्या एका कीटकवेड्या तरुण मुलीकडून.

आपण 'सुपीक' हा शब्द कौतुकानं वापरतो. शेतीला ते ठीकच. पण रानफुलांच्या बाबतीत सुपीक माती म्हणजे दांडग्यांचं राज्य. नत्र आणि स्फुरद भरपूर असलं की दोन-चार जातींची जाड गवतं झपाट्यानं वाढतात आणि बाकीच्यांना उन्हाला मोताद करतात. मलब्याच्या टेकडीवर खायलाच काही नसतं. दगड काळा, म्हणून ऊन पिऊन तापतो. पाणी टिकत नाही. अशा ठिकाणी कुणीच माजत नाही, आणि म्हणून पुष्कळ जण राहू शकतात. जे येतं ते हळू येतं, बुटकं राहतं, शेजाऱ्याला जागा ठेवतं. आधी शेवाळं आणि दगडफूल. मग बर्ड्स फूट ट्रेफॉइल नावाची पिवळी, जमिनीलगत पसरणारी वेल. तिच्या शेंगांचा झुबका पक्ष्याच्या पंजासारखा दिसतो म्हणून हे नाव. तूर-हरभऱ्याच्याच कुळातली, म्हणजे मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः मिळवणारी. गरिबाघरची कर्ती पोर जशी!

या वेलीवर एक फुलपाखरू अंडी घालतं, डिंगी स्किपर. डिंगी म्हणजे मळकं. नाव ठेवणाऱ्यानं जराही भीड ठेवलेली नाही. ब्रिटनमध्ये त्याची संख्या खूप घटली आहे, पण जुन्या खाणींचे ढिगारे, बंद रेल्वेमार्ग, दगडाच्या सोडून दिलेल्या खाणी अशा, नकाशात ज्यांना कुणी चांगलं नाव देत नाही त्या जागांवर ते टिकून आहे. त्याला दोन गोष्टी हव्यात. एक, ही पिवळी वेल. दुसरी, तिच्या शेजारी उघडी, तापलेली जमीन, जिथे बसून ते पंख पसरून ऊन खाऊ शकेल. आम्ही फावड्यांनी जी खरवडत होतो ती त्याची ओसरी होती.

दुपारपर्यंत मी चटईएवढी जागा मोकळी केली. कंबर धरली. खरं सांगायचं तर इतकं समाधान वृक्षारोपणात कधी मिळालं नव्हतं.

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती हसली. "तू गेलीस आणि एक हिरवी टेकडी काळी करून आलीस!" मी म्हटलं, थट्टा सोड, पण हे लॉरीनं माती आणून वर ओतायचं कुणाला सुचलं असेल? त्या रात्री मी वाचत बसले, आणि जे वाचलं त्यानंतर तो प्रश्न इतक्या तोऱ्यात पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दक्षिण वेल्समधलं अ‍ॅबरफॅन गाव. डोंगरउतारावर खाणीच्या मलब्याचे ढिगारे, त्यातला सातव्या क्रमांकाचा ढीग झऱ्यांवर रचलेला. पावसानं भिजून तो सकाळी सव्वानऊच्या सुमाराला सुटला आणि खालच्या प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. सहामाही सुट्टी लागण्याआधीचा शाळेचा तो शेवटचा दिवस होता. चौकशी आयोगानं देशातल्या खाणी चालवणाऱ्या सरकारी नॅशनल कोल बोर्डाला दोषी ठरवलं. उरलेले ढिगारे हटवा म्हणून गावानं टाहो फोडला, तर त्या कामासाठी दीड लाख पौंड लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतूनच घेतले गेले. ते परत मिळाले १९९७ साली.

शाळेचा पहिला तास. हजेरी नुकतीच घेतलेली असणार. मी पुस्तक मिटलं.

त्यानंतर ब्रिटनभर ढिगाऱ्यांकडे बघायची नजरच बदलली. १९६९ साली कायदा झाला. ढिगारे उतरवले, उतार सौम्य केले, वर सुपीक माती पसरली, राय गवत पेरलं, पाइनची झाडं लावली. नुसती सौंदर्यदृष्टी त्यामागे नव्हती. ज्या काळ्या डोंगराकडे बघून आईच्या पोटात गोळा येतो तो डोळ्यांपुढून जावा, ही साधी माणुसकी होती. आणि त्यात थोडी लाजही मिसळलेली होती, असं मला वाटतं. खाणी बंद पडत होत्या. १९८४-८५चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप हरला. गावंच्या गावं बेकार झाली. डरहॅम परगण्यात तर १९५१ सालीच सरकारी आराखड्यात शंभरावर गावांना 'ड' वर्ग देऊन टाकला होता. ज्यांच्यावर आता नवा खर्च करायचा नाही, जी आपोआप ओसाड होतील ती. अशा ठिकाणी हिरवी चादर ओढणं म्हणजे विषय मिटवणं.

ढिगारा धोक्याचा असेल तर तो हटवलाच पाहिजे, यात वादच नाही. पण जो घट्ट बसला आहे, पन्नास वर्षं जागचा हललेला नाही, त्यावरही ती चादर ओढली गेली, आणि तिच्याखाली दोन गोष्टी एकदमच गाडल्या गेल्या. माणसांच्या कष्टाची खूण आणि त्या खुणेवर जगायला शिकलेले जीव. लोक 'खाणीचा वारसा' आणि 'निसर्ग' असे दोन वेगळे फलक लावतात, एक खाणीच्या पाळण्याच्या जुन्या चाकाजवळ, दुसरा तळ्याजवळ. माझ्या मते फलक एकच पुरेल. वारसा म्हणजे ते अर्धं चाक नाही. वारसा म्हणजे पायाखालचा दगड, आणि फुलपाखरू त्याच्यावरच बसलेलं असतं.

एप्रिलमध्ये लेक-जावयानं मला लीड्सजवळच्या सेंट एडन्सला नेलं. तिथे कोळसा जमिनीखालून नव्हे, उघड्या खड्ड्यातून काढत. मार्च १९८८मध्ये शेजारच्या एअर नदीचा काठ खचला आणि नदी खाणीत शिरली. खड्ड्याचं तळं झालं. नदीला नवा मार्ग खणून द्यावा लागला, पाणी उपसावं लागलं, मग उरलेला कोळसा काढला गेला. २००२ साली ते काम संपलं. आता तिथे तळी आहेत, बोरूची बेटं आहेत आणि पक्ष्यांसाठी काम करणारी 'आरएसपीबी' ही संस्था ती जागा सांभाळते. ब्रिटनमध्ये फार थोड्या ठिकाणी वीण करणारी ब्लॅक-नेक्ड ग्रीब ही लाल डोळ्यांची पाणबुडी तिथे हमखास दिसते. बोरूतून बिटर्नचा, म्हणजे बगळ्याच्या एका लाजाळू भाऊबंदाचा, आवाज येतो. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी घुमावं तसा.

पण मला तिथून हलवेना ते 'ऑडबॉल'पाशी. हे खाणीचं माती-दगड उपसणारं ड्रॅगलाइन यंत्र, सुमारे १२०० टनांचं, अमेरिकेत बनलेलं. त्याला चाकं नाहीत. दोन बाजूंना दोन अजस्र पावलं आहेत आणि ते ती टाकत टाकत चालायचं. ते भंगारात काढलं नाही, जागेवरच ठेवलं. आणि त्याच्या लोखंडी सांगाड्यात पिंगळे राहतात. आपल्याकडे दिवसाढवळ्या कलकलाट करतो त्या पिंगळ्याचाच हा तिकडचा भाऊबंद, तोच गोल चेहरा, तोच रागावल्यासारखा भाव. मी दुर्बीण लावली तर तो एका आडव्या पट्टीवर बसून माझ्याकडे असा बघत होता की यंत्राची चावी त्याच्याकडेच असावी. जावई म्हणाला, "हा ऑपरेटर." यापेक्षा चांगलं स्मारक मला सुचत नाही. कुणी नेता कोनशिला बसवायला आला असता तर पिंगळ्यानं जागा दिली असती का, हा विचार करून मी बराच वेळ एकटीच हसत होते.

वायव्य इंग्लंडमधल्या विगनला जायचं राहून गेलं, पण त्याची गोष्ट मला फार आवडते. तिथे कोळसा काढून खालची जमीन पोकळ झाली, वरची खचली, खळग्यांत पाणी साठलं. या तळ्यांना ते लोक 'फ्लॅश' म्हणतात. काठावर कुणी लक्ष दिलं नाही म्हणून विलो आणि बर्चचं ओलं, किडकं, गबाळं झुडुप माजलं. आणि ब्रिटनच्या बारमाही पक्ष्यांपैकी जो सगळ्यात वेगानं नाहीसा होतोय तो इवलासा विलो टिट नेमका अशाच झुडपात टिकला, कारण घरटं करायला त्याला कुजून मऊ झालेलं उभं खोड लागतं. त्यात तो आपल्या चोचीनं बीळ कोरतो. नीटनेटक्या वनात कुजकं खोड कोण ठेवतं? २०२२ साली विगन आणि शेजारच्या ली या गावाच्या फ्लॅशेसना राष्ट्रीय निसर्ग अभयारण्याचा दर्जा मिळाला. दुर्लक्ष हेही संवर्धन असू शकतं, हे एखाद्या पर्यावरण खात्याच्या बैठकीत सांगून बघावं!

दक्षिण वेल्समध्ये तर याहून पुढची गोष्ट. ऱ्होन्डा खोऱ्यातली मार्डीची खाण १९९०मध्ये बंद झाली. तिच्या ढिगाऱ्यावर काही मिलिमीटरचा एक पैसा किडा सापडला, जो ब्रिटनमध्ये त्याआधी कुणाला ठाऊकच नव्हता. ज्या जागेला माणसं कचरा म्हणत होती तिथे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या टेकडीवर उत्सव होता. 'आमच्या' म्हणते, कारण तोवर मी सात-आठ शनिवार भरले होते आणि माझ्या नावाचा एक मगही झाला होता.

उत्सव म्हणजे काय, तर दोन बर्चच्या मध्ये बांधलेला खाणकामगार संघटनेचा जुना रेशमी झेंडा. झेंडा म्हणण्यापेक्षा पडदाच, दोन माणसं लांब. असे झेंडे खांद्यावर घेऊन, पितळी वाद्यांच्या बँडमागून चालत, गावोगावची माणसं दर जुलैत डरहॅम शहरात जमतात. हा मेळा १८७१पासून भरतो. ज्या खाणीत त्या वर्षी कुणी मेलं असेल तिच्या झेंड्यावर काळं वस्त्र बांधायचं, अशी रीत. खाणी सगळ्या बंद झाल्या, तरी झेंडे अजून निघतात. दिंडीच्या पताका बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर झेंडा, चहा, केक. कीटकवेड्या पोरीनं रात्री लावून ठेवलेला पतंगांचा सापळा उघडला. अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खोबणीत गुलाबी, राखाडी, हिरवट पतंग झोपलेले, आणि त्यांच्याभोवती मुलांची डोकी. पलीकडच्या टेबलावर सेफ्टी लॅम्प, खाणीतला वायू पेटू न देणारा दिवा. १८१२ साली याच परगण्याजवळच्या फेलिंगच्या खाणीत स्फोटात ९२ माणसं गेली, आणि १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं जाळीचा दिवा केला, हे मी वर्गात सांगत असे. दिवा हातात पहिल्यांदाच घेतला. जड असतो. आठ तास हातात किंवा पट्ट्याला.

एका बाकावर एक आजी बसल्या होत्या, पांढरेशुभ्र केस. मी बावळटासारखं म्हणून गेले, "छान आहे ना, खाणीच्या आठवणींचा उत्सव?" त्या म्हणाल्या, "खाणीचा उत्सव मी करत नाही. माझा नवरा छातीतल्या धुळीनं अकरा वर्षं मेला." अकरा वर्षं मेला. असंच म्हणाल्या त्या. मग काठीनं उताराकडे खूण करून म्हणाल्या, "मी ऑर्किडांसाठी येते." उतारावर बी ऑर्किडचे तुरे होते, फुलाचा ओठ हुबेहूब मधमाशीसारखा. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. आम्ही दोघी ऑर्किडं बघत होतो.

उत्सव हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. आणखीही एक गोष्ट. स्वयंसेवकांत दोन म्हातारे आहेत, एक नेहमी पट्ट्याच्या या टोकाला काम करतो, दुसरा त्या टोकाला. चहालाही वेगळे. मला वाटलं भाऊबंदकी. नंतर कळलं, संपाच्या वर्षी एक जण शेवटी कामावर परत गेला होता, दुसरा गेला नाही. चाळीस वर्षं झाली. टेकडी मात्र दोघांनाही लागते. आणि ज्या कोळशासाठी हे सगळं झालं त्यानं जगाच्या हवेचं काय केलं, हेही या उतारावर बसलेल्या कुणाला ठाऊक नाही असं नाही. ब्रिटनची शेवटची खोल खाण, केलिंगली, डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली. कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ला. कुणी अश्रू ढाळत नव्हतं. पण कोळसा वाईट होता, म्हणून तो काढणाऱ्यांनी मान खाली घालून फिरावं, हेही कुणाला मान्य नव्हतं.

दगड फोडायच्या जागी मुलांची सगळ्यात जास्त गर्दी. शेलचा पापुद्रा हातोडीनं अलगद उघडायचा, की आत नेच्याचं पान, कधी खवल्यांच्या सालीचा ठसा. जे झाड मी फळ्यावर काढत असे ते इथे एका सात वर्षांच्या मुलीच्या तळहातावर होतं. तिला मी सांगितलं की १९७८ साली डर्बीशरमधल्या बोल्सोव्हरच्या खाणीत कामगारांना कोळशाच्या थरात एक चतुर सापडला होता, पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा मीटर. तिनं हात पसरून अर्धा मीटर मोजला. नेमका तेव्हाच खालच्या तळ्यावरून एक बोटभर चतुर आला, झेंड्याच्या काठीवर टेकला आणि गेला. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अर्ध्या मीटरनंतर बोटभराचं काय कौतुक!

दगडांत मधूनच सोनेरी चमक दिसते. पायराइट. मुलं त्याला सोनं म्हणून खिशात घालतात. याच पायराइटचं हवा-पाण्याशी जमलं की गंधकाचं आम्ल तयार होतं, ओढ्याचं पाणी नारिंगी होतं, आणि ढिगाऱ्याचा एखादा भाग इतका आंबट होतो की तिथे बर्चही जेमतेम रुजतं. शाळेत मी एवढंच शिकवलं असतं. आजोबांनी पुढचं सांगितलं. २९ मे १९५१ला, पहाटे, ईझिंग्टनमध्ये कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते पायराइटवर घासले, ठिणगी उडाली, साठलेला वायू पेटला. ८३ माणसं गेली, त्यातले दोघे वाचवायला उतरलेले. आजोबा तेव्हा लहान होते, पण त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती हे त्यांना आठवतं.

त्यांनी एका मुलाच्या हातातून पायराइटचा तुकडा घेतला, उन्हात फिरवला आणि परत दिला. "सुंदर आहे. जपून ठेव," एवढंच म्हणाले. त्याला काही सांगितलं नाही.

तीन वाजता भाषणं सुरू झाली. कुणीतरी गळ्यात पदाची मानाची साखळी घातलेले पाहुणे आले होते. आजोबांनी घड्याळ बघितलं आणि मला खूण केली. "येतेस? आठवड्याची मोजणी राहिली आहे. साडेतीननंतर ऊन जाईल."

फुलपाखरांची मोजणी ब्रिटनमध्ये १९७६पासून पद्धतशीर चालते. एक ठरलेली वाट, एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला, ऊब असताना, संथ पावलांनी. आपल्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीत जे दिसेल तेच लिहायचं. मागे वळून बघायचं नाही, तेच फुलपाखरू दोनदा मोजलं जायला नको. देशभर हजारो माणसं असं चालतात. आजोबा बावीस वर्षं चालताहेत.

वाटेत ते दिव्यांच्या खोलीबद्दल बोलत होते. खाणीत उतरताना प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. पाळी संपली की बिल्ला खुंटीवर परत. वर बसलेल्या माणसाचं काम एकच. किती बिल्ले खाली आहेत, किती परत आले. "रात्री एखादी खुंटी रिकामी राहिली," ते म्हणाले, "की तो माणूस जागचा उठत नसे. चहा आणून दिला तरी प्यायचा नाही." मग बराच वेळ बोलले नाहीत. मागून बँडचे सूर येत होते. १९३४ साली ग्रेसफर्डच्या खाणीत २६६ माणसं गेली, त्यांच्यासाठी एका खाणकामगारानंच बांधलेली धून. हळू, मातीसारखी जड. वर एक चंडोल त्याच्या नादात गात होता, त्याला बँडशी काही देणंघेणं नव्हतं.

आम्ही फेब्रुवारीत खरवडलेल्या पट्ट्यापाशी आलो. काळा दगड तापला होता. बुटाच्या तळव्यातून ऊब वर येत होती. कडेनं पिवळी वेल आत सरकली होती, माझ्या चटईएवढ्या जागेत वीतभर.

"थांब."

मला काहीच दिसेना. दगडाचा एक पापुद्रा हलल्यासारखा वाटला. मग कळलं, तो पापुद्रा नव्हता. तपकिरी, राखाडी, कडेला पांढुरके ठिपके, पंख सपाट पसरून पडलेलं. खरोखरच मळकं! इतक्या दिवसांचा बोलबाला, आणि समोर हे. मी हसू दाबलं. थोडं पुढे दुसरं होतं. ते उडालं, भिरभिरलं, वेलीवर टेकलं.

आजोबांनी कागदावर पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. मग पेन्सिल तशीच धरून थांबले.

"तिकडे, त्या गवताच्या काडीशी एक होतं का? माझे डोळे आता तितके नाहीत. तू बघितलंस?"

मी बघितलं होतं. चौकटीच्या आत होतं की बाहेर, याची मात्र खात्री नव्हती. तसं मी सांगितलं.

"मग थांबू या," ते म्हणाले, "येईल परत."

खाली टाळ्या वाजल्या. भाषण संपलं असावं. आम्ही दोघं त्या काडीकडे बघत उभे राहिलो.